कोडला रंग देताना मजकूर अबाधित राखणे

आमच्या चमूच्या तांत्रिक नोंदी ज्या वेब ॲप्लिकेशनमध्ये साठवल्या जातात, ते गेली काही वर्षे मी सांभाळत आहे. त्यातील जवळजवळ प्रत्येक नोंदीत कोडचा एखादा तुकडा, म्हणजे स्निपेट, असतोच. बराच काळ हे स्निपेट पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकाच काळ्या रंगात दिसत होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. मग एकदा एका सहकाऱ्याने नोंदीतून उचललेली शेल स्क्रिप्ट चालेना म्हणून मला बोलावले. आम्ही दोघांनी ती तीनदा वाचली, पण दोष सापडला नाही. शेवटी तो मजकूर एडिटरमध्ये चिकटवताच विसाव्या ओळीच्या आसपासपासून खालचा सगळा भाग स्ट्रिंगच्या, म्हणजे अवतरणचिन्हांतील मजकुराच्या, रंगात गेला, कारण तिथल्या एका स्ट्रिंगचे शेवटचे अवतरणचिन्ह नोंद लिहितानाच गळले होते. ही चूक नोंद लिहिणाऱ्याला त्याच वेळी दिसायला हवी होती, आणि ती दिसण्याची सोय आमच्या ॲप्लिकेशनने त्याला दिलेली नव्हती. सिंटॅक्स हायलायटिंग, म्हणजे कोडच्या घटकांना वेगवेगळे रंग देण्याची सोय, जोडण्याचा निर्णय त्या दिवशी झाला.

हे काम दोन दिवसांचे आहे असा माझा अंदाज होता, आणि रंग दिसायला खरोखरच दोन दिवस लागले. मात्र रंग चढल्यानंतरही स्निपेटमधील प्रत्येक अक्षर, प्रत्येक रिकामी जागा आणि प्रत्येक कोरी ओळ लेखकाने लिहिली तशीच राहते याची खात्री देण्यात पुढचा महिना गेला. पुढील मजकूर मुख्यतः त्या महिन्याविषयी आहे.

कोडमधील शब्दांना वेगवेगळे रूप देण्याची कल्पना पडद्यापेक्षा जुनी आहे. अल्गोल ६० या भाषेच्या छापील अहवालात राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले शब्द, ठळक ठशात छापलेले असत, त्यामुळे वाचकाला रचना एका दृष्टिक्षेपात कळे. पडद्यावरील रंगांचे एक फार सुरुवातीचे उदाहरण म्हणजे आयबीएममधील माइक काउलिशॉ यांनी १९८५ मध्ये लिहिलेला लेक्स हा एडिटर, आणि मला विशेष वाटते ते हे की तो ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या संगणकीकरणासाठी लिहिला गेला होता. गुंतागुंतीची रचना असलेला लांबलचक मजकूर वाचणाऱ्या माणसाची अडचण कोशकाराला आणि प्रोग्रामरला सारखीच असते. १९९८ मध्ये व्हिमच्या ५.० या आवृत्तीत ही सोय आली, आणि आज रंगांशिवायचा एडिटर क्वचितच दिसतो.

आता माझा पहिला प्रयत्न. स्निपेट लहान असतात, भाषा चार-पाचच आहेत, तेव्हा बाहेरची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, कशाला घ्यायची, असा विचार करून मी काही रेगेक्स, म्हणजे मजकुरातील नमुने शोधणारी सूत्रे, लिहिले. पहिला रेगेक्स अवतरणचिन्हांमधील मजकूर शोधून त्याभोवती स्पॅन टॅग (रंग देण्यासाठीचे एचटीएमएलचे वेष्टन) घाली, दुसरा कॉमेंट, म्हणजे वाचकासाठी लिहिलेल्या टिपा, शोधी, तिसरा ‘इफ’, ‘रिटर्न’, ‘क्लास’ असे राखीव शब्द शोधी, आणि हे सर्व एकाच मजकुरावर एकामागून एक चाले. पहिल्याच चाचणीत पानावर तुटक्या टॅगांचा सडा पडला. स्ट्रिंगसाठी घातलेल्या स्पॅन टॅगमध्ये ‘क्लास’ हे ॲट्रिब्यूट होते, आणि राखीव शब्द शोधणाऱ्या रेगेक्सने लेखकाच्या कोडमधील ‘क्लास’ बरोबर माझ्याच टॅगमधील ‘क्लास’ या शब्दालाही रंग दिला होता. ते दुरुस्त केल्यावर दुसरा दोष समोर आला. एका स्ट्रिंगमध्ये वेबपत्ता होता, आणि कॉमेंटही दोन तिरप्या रेघांनीच सुरू होत असल्याने त्यातील दोन तिरप्या रेघांपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा भाग कॉमेंट ठरला.

या दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. मजकुराच्या एखाद्या तुकड्याचा अर्थ त्याच्या आधी काय येऊन गेले यावर अवलंबून असतो, आणि स्वतंत्रपणे चालणाऱ्या शोध-बदलांना ते आधीचे ठाऊकच नसते. म्हणून खरे हायलायटर मजकूर डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतात. वाचनाचे टोक जिथे असेल तिथे कोणता नियम लागू पडतो ते पाहायचे, तेवढा तुकडा टोकन म्हणून वेगळा काढायचा, त्याला ‘राखीव शब्द’, ‘स्ट्रिंग’, ‘अंक’ असे नाव द्यायचे, आणि टोक त्या तुकड्यापलीकडे सरकवायचे. ज्या भागावरून टोक पुढे गेले त्याकडे पुन्हा वळून पाहायचे नाही. स्ट्रिंगचा नियम एकदा लागला की तिच्या आतील तिरप्या रेघा त्या टोकनमध्येच जातात आणि कॉमेंटचा नियम तिथे पोहोचतच नाही. हे काम करणाऱ्या भागाला लेक्सर म्हणतात. टॅग घालण्याचे काम त्याचे नसते. ते सर्व टोकन हाती आल्यावर दुसरा भाग करतो, आणि त्यामुळे टॅग व कोड एकमेकांत मिसळण्याची शक्यताच उरत नाही.

बहुतेक लेक्सर याखेरीज स्थितींचा एक स्टॅकही, म्हणजे शेवटी ठेवलेले आधी निघते अशी चळत, ठेवतात. एचटीएमएलच्या आत स्क्रिप्टचा टॅग उघडला की नियमांचा पूर्ण संच बदलतो, तो टॅग बंद झाला की जुना संच परत येतो. जावास्क्रिप्टमधील टेम्प्लेट स्ट्रिंगच्या आत पुन्हा कोड असू शकतो आणि त्या कोडमध्ये पुन्हा तशीच स्ट्रिंग असू शकते. स्टॅक नसेल तर यातून बाहेर पडण्याची वाट लेक्सरला सापडत नाही. एवढे करूनही काही जागा निसरड्या राहतात. जावास्क्रिप्टमधील एकच तिरपी रेघ भागाकाराची असू शकते किंवा रेगेक्सच्या सुरुवातीची असू शकते, आणि कोणती ते तिच्या आधीच्या टोकनवरून ठरवावे लागते. यावर अधिक नेमका उपाय ट्री-सिटरसारख्या पूर्ण पार्सरचा आहे. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी गिटहबमध्ये, ॲटम या एडिटरच्या काळात, ही प्रणाली विकसित केली. ती कोडचे संपूर्ण वाक्यरचना-झाड उभारते आणि एखादे अक्षर बदलले तर झाडाचा तेवढाच भाग पुन्हा बांधते. ज्याचा मजकूर क्षणोक्षणी बदलतो त्या एडिटरसाठी हे फार मोलाचे आहे. नोंदीतील स्निपेट मात्र एकदा लिहिले जाते आणि शेकडो वेळा वाचले जाते, शिवाय ते बहुधा अपुरे असते: मधल्याच सात ओळी, वर-खाली तीन टिंबे. अशा अर्धवट तुकड्यांसाठी साधा, सहनशील लेक्सर पुरेसा ठरतो असे माझे मत झाले आणि ते आजही तसेच आहे.

लायब्ररींची पाहणी करताना चार नावे सतत समोर येत राहिली. इव्हान सागालायेव यांनी २००६ मध्ये सुरू केलेली हायलायट-जेएस आणि लिया वेरू यांची २०१२ मधील प्रिझम या दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात. शिकी ही लायब्ररी व्हीएस कोड वापरतो तीच टेक्स्टमेट पद्धतीची व्याकरणे वापरते, त्यामुळे तिचे रंग एडिटरशी तंतोतंत जुळतात, पण त्या व्याकरणांना लागणारे ओनिगुरुमा हे रेगेक्स इंजिन वेबअसेम्ब्लीच्या रूपात सहसा सोबत आणावे लागत असल्याने ती ब्राउझरपेक्षा सर्व्हरवर किंवा साइट बांधतानाच वापरणे अधिक सोयीचे असते. चौथी पिगमेंट्स, गेऑर्ग ब्रँडल यांनी सुरू केलेली पायथन लायब्ररी, जिची पहिली आवृत्तीही २००६ मधीलच.

रंग ब्राउझरमध्ये चढवायचे की सर्व्हरवर, हा प्रश्न मला लायब्ररीच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा वाटला. ब्राउझरमध्ये चढवायचे तर प्रत्येक वाचकाच्या यंत्राने प्रत्येक वेळी तेच काम पुन्हा करायचे, स्क्रिप्ट उतरेपर्यंत कोड काळा दिसायचा आणि मग अचानक रंगीत व्हायचा, आणि एखाद्या लांब नोंदीत पन्नास स्निपेट असतील तर जुन्या फोनवर पान स्क्रोल करताना अडखळायचे. आमचे ॲप्लिकेशन पायथनमध्येच असल्याने मी पिगमेंट्स निवडली आणि नोंद जतन होतानाच, सर्व्हरवर, एकदाच रंग चढवायचे ठरवले. यातील एक गोष्ट मी कोणत्याही परिस्थितीत सोडणार नाही: डेटाबेसमध्ये मूळ म्हणून राहतो तो फक्त लेखकाचा साधा मजकूर. रंगीत एचटीएमएल हे त्यापासून केव्हाही पुन्हा बनवता येईल असे दुय्यम रूप आहे आणि त्याची जागा कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, आहे. कॅशची किल्ली मजकुराचा हॅश (त्यापासून काढलेला आखूड ठसा), भाषेचे नाव आणि लायब्ररीची आवृत्ती या तिन्हींपासून बनते, त्यामुळे लायब्ररी अद्ययावत केली की जुनी रूपे आपोआप मागे पडतात. माझ्या पाहण्यातल्या एका दुसऱ्या ॲप्लिकेशनमध्ये रंगीत एचटीएमएलच मूळ म्हणून साठवले गेले होते, आणि काही वर्षांनी थीम बदलण्याची वेळ आली तेव्हा स्पॅनच्या जंजाळातून मूळ कोड परत काढताना त्या लोकांचे फार हाल झाले.

भाषा कोणती हे कोणी सांगायचे, याचे उत्तर मी लवकर दिले: लेखकाने. स्वयंचलित ओळख आकर्षक वाटते. हायलायट-जेएसमधील ती सोय अनेक भाषांचे नियम तुकड्यावर लावून पाहते आणि जिला सर्वाधिक गुण मिळतील ती भाषा स्वीकारते. तुकडा शंभर ओळींचा असेल तर हा अंदाज बरा असतो, पण आमचे स्निपेट तीन-चार ओळींचे असतात, आणि तीन ओळींची कॉन्फिगरेशन फाइल पाच भाषांसारखी दिसू शकते. चुकीचे रंग हे रंग नसण्यापेक्षा वाईट आहेत, कारण वाचक रंगांवर विश्वास ठेवून वाचत असतो. म्हणून कोडच्या आरंभी येणाऱ्या तीन बॅकटिकच्या (`) कुंपणापुढे लेखकाने भाषेचे नाव लिहावे, आणि ते नसेल किंवा अनोळखी असेल तर कोड साध्या मजकुरासारखा दाखवावा, असा नियम ठेवला. पिगमेंट्सला अनोळखी नाव दिले तर ती अपवाद फेकते, म्हणजे चूक कळवून थांबते; तो पकडलाच पाहिजे. तयार एचटीएमएलमध्ये रिकाम्या जागा आणि ओळी तशाच दाखवणाऱ्या प्रे टॅगच्या आत कोड टॅग आणि त्यावर ‘लँग्वेज’ या उपसर्गाने सुरू होणारा क्लास, ही एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथातच सुचवलेली पद्धत आहे. पुढे कधी लायब्ररी बदलली तरी हा सांगाडा तसाच चालतो.

इथपर्यंत रंग दिसू लागले होते. त्यानंतर मी एक छोटी चाचणी लिहिली, आणि या सगळ्या कामात तिच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी कोणतीही नव्हती. चाचणी अशी: रंगीत एचटीएमएल खऱ्या एचटीएमएल पार्सरला द्यायचे, त्यातून कोड टॅगच्या आतील निव्वळ मजकूर परत काढायचा, आणि तो लेखकाच्या मूळ मजकुराशी अक्षरन् अक्षर ताडून पाहायचा. आमच्या जुन्या सर्व नोंदींतील स्निपेट तिच्यातून गाळले. बहुतेक जुळतील असे वाटले होते, पण बरेच जुळले नाहीत.

पहिले कारण पिगमेंट्सच्या मूळ सेटिंगमध्येच होते. तिचा लेक्सर मजकुराच्या आरंभीच्या आणि अखेरच्या कोऱ्या ओळी काढून टाकतो, शेवटी नवी ओळ नसेल तर ती जोडतो, आणि विंडोज पद्धतीच्या ओळ-अखेरींचे युनिक्स पद्धतीत रूपांतर करतो. यातील पहिल्या दोन गोष्टी पर्याय देऊन बंद करता येतात. तिसरी तशी बंद करता येत नाही, म्हणून नोंद जतन करतानाच ओळ-अखेरी एकसारख्या करायच्या आणि तुलना त्या रूपाशी करायची असे ठरवले. मी इथे मुद्दाम ‘ठरवले’ म्हणतो, कारण मजकुरात केलेला हा एकमेव बदल आहे आणि तो जाणीवपूर्वक, एकाच ठिकाणी, लेखकाला माहीत असताना होतो.

दुसरे कारण शोधायला एक पूर्ण दुपार लागली. काही स्निपेटची पहिलीच ओळ कोरी होती, आणि पर्याय बदलूनही ती ओळ गायब होत होती. सर्व्हरवरून निघणाऱ्या मजकुरात ती होती, परत वाचलेल्या मजकुरात नव्हती. शेवटी कळले की प्रे टॅग उघडल्यानंतर लगेच आलेली पहिली नवी ओळ एचटीएमएल पार्सरने टाकून द्यायची असते, असा प्रमाणग्रंथाचाच नियम आहे. टॅग लिहून पुढच्या ओळीपासून मजकूर सुरू करणाऱ्या लेखकांच्या सोयीसाठी तो आहे. पिगमेंट्सच्या निर्मात्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच तिच्या स्वतःच्या आउटपुटमध्ये प्रे टॅगनंतर लगेच एक रिकामा स्पॅन असतो. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मला तो निष्काळजीपणा वाटला होता आणि बाहेरचे आवरण स्वतः बनवताना मी तो वगळला होता. ज्या गोष्टीचे कारण समजलेले नाही ती काढू नये, हे मला पुन्हा शिकावे लागले.

तिसरे कारण माझ्या स्वतःच्या लेक्सरमध्ये होते, आणि मराठीत लिहिणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडेल म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आमच्याकडे अंतर्गत वापराची एक लहानशी कॉन्फिगरेशन भाषा आहे आणि तिच्यात नावे मराठीत लिहिण्याची मुभा आहे. तिच्यासाठी मी पिगमेंट्सचा छोटा लेक्सर लिहिला आणि नावांसाठी ‘शब्दातील अक्षर’ दर्शवणारे रेगेक्सचे नेहमीचे आखूड चिन्ह वापरले. पायथन ३ मध्ये हे चिन्ह युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी व्यवस्था) जाणते, तेव्हा देवनागरी चालेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ‘किंमत’ या नावाचे चार तुकडे झाले. ‘क’ हे अक्षर जुळले. त्यानंतरची वेलांटी आणि अनुस्वार ही युनिकोडच्या दृष्टीने अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत, आणि पायथनच्या मूळ रेगेक्स मॉड्यूलमधील ते आखूड चिन्ह जोडचिन्हांना शब्दाचा भाग मानत नाही. त्यामुळे त्या दोन्हींना ‘चूक’ अशी टोकन मिळाली, आणि पिगमेंट्सच्या मूळ थीममध्ये चुकीच्या टोकनभोवती लाल चौकट येते. उरलेले ‘मत’ पुन्हा जुळले. साठवलेला मूळ मजकूर तसा शाबूत होता, परंतु शब्दाच्या मधोमध स्पॅनच्या सीमा पडल्या होत्या, आणि मात्रा तिच्या व्यंजनापासून वेगळी पडली की ती ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी उभी राहण्याची शक्यता असते. ताडून पाहणारी चाचणीही यात मोडली, कारण प्रत्येक चुकीच्या टोकनशी मी लेक्सरची स्थिती बदलण्याचा एक अतिशहाणा नियम जोडला होता आणि त्यात एक अक्षर गळत होते.

याचे उत्तर पिगमेंट्सच्याच पोटात होते. तिचा पायथनसाठीचा लेक्सर नावे ओळखताना ते आखूड चिन्ह वापरत नाही, तर नावाच्या आरंभी कोणती चिन्हे येऊ शकतात आणि पुढे कोणती येऊ शकतात, यासाठी युनिकोडने दिलेल्या दोन याद्या वापरतो. दुसऱ्या यादीत मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सर्व असतात. मी त्याच याद्या घेतल्या आणि ‘किंमत’ एकसंध झाली. जावास्क्रिप्टमध्ये हा पेच आणखी अवघड आहे. तिथे ते आखूड चिन्ह केवळ रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा ओळखते, आणि शब्दसीमेचे चिन्हही त्याच व्याख्येवर चालते. त्यामुळे ‘किंमत’ या नावाच्या शेवटी इंग्रजी अंक जोडला असेल तर नाव आणि अंक यांच्यामध्ये शब्दसीमा आहे असे समजून साधा रेगेक्स त्या अंकालाच वेगळा रंग देतो. २०१८ पासून जावास्क्रिप्टच्या रेगेक्समध्ये युनिकोड गुणधर्मांनी शोधता येते. पण तेव्हाही फक्त ‘अक्षर’ हा गुणधर्म मागून भागत नाही, ‘जोडचिन्ह’ हाही मागावा लागतो.

फाँटचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. कोडसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक समरुंदी फाँटमध्ये देवनागरी नसते, म्हणून ब्राउझर मराठी कॉमेंटसाठी दुसरा फाँट शोधतो आणि तो कोणता सापडेल यावर ओळीची उंची कमी-जास्त होते. फाँटच्या यादीत देवनागरी फाँटचे नाव स्पष्ट लिहिणे आणि ओळीची उंची थोडी मोकळी ठेवणे एवढ्याने आमचे काम भागले. स्तंभ मात्र जुळणार नाहीत, आणि ते जुळवण्याचा प्रयत्नही करू नये असे मला वाटते.

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी. लेखकाच्या कोडमधील कोनी कंस आणि अँड चिन्ह एस्केप झालेच, म्हणजे सांकेतिक रूपात बदललेच, पाहिजे, आणि तेही नेमके एकदा. झाले नाही तर स्निपेटमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये खरोखर चालते, दोनदा झाले तर वाचकाला कंसाऐवजी त्याचे सांकेतिक रूप दिसते. हायलायट-जेएसने २०२१ मधील ११व्या आवृत्तीपासून एस्केप न केलेले एचटीएमएल दिसल्यास स्पष्ट इशारा द्यायला सुरुवात केली, आणि हवे असल्यास तिला अशा वेळी थेट अपवाद फेकायला सांगता येते. आमच्याकडे एस्केप करण्याचे काम फक्त पिगमेंट्सचा फॉर्मॅटर करतो, त्याच्या आधी कोणी करत नाही. संपूर्ण नोंदीचे एचटीएमएल शेवटी सॅनिटायझरमधून, म्हणजे धोकादायक टॅग काढणाऱ्या गाळणीतून, जाते आणि त्याला स्पॅनवरचे क्लास राखण्याची परवानगी दिलेली आहे. ती द्यायला मी विसरलो होतो, तेव्हा सगळे रंग एका रात्रीत उडाले होते.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. लेक्सर म्हणजे शेवटी रेगेक्सचा समूह, आणि काही रेगेक्स विशिष्ट रचनेच्या मजकुरावर इतक्या वेळा मागे फिरून पुन्हा प्रयत्न करतात की काही शे अक्षरांसाठी मिनिटे लागू शकतात. २०२१ मध्ये पिगमेंट्सच्या अनेक लेक्सरमध्ये असे रेगेक्स असल्याचे उघड झाले आणि २.७.४ या आवृत्तीत ते सुधारले गेले. प्रिझम आणि हायलायट-जेएस यांनाही अशा दुरुस्त्या कराव्या लागल्या आहेत. त्यामुळे लायब्ररी अद्ययावत ठेवण्याबरोबरच मी रंग चढवण्याचे काम वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवले. दोन सेकंदांत उत्तर आले नाही तर ती प्रोसेस बंद केली जाते आणि स्निपेट बिनरंगी, पण एस्केप केलेल्या रूपात दाखवले जाते. त्याच प्रोसेसमधील वेगळा थ्रेड इथे पुरत नाही, कारण पायथनचे रेगेक्स इंजिन चालू असताना इंटरप्रिटरचे कुलूप धरून ठेवते आणि बाकीचे थ्रेड खोळंबतात.

आता रंगांविषयी, ज्यांच्यापासून सुरुवात झाली होती. तयार थीममधून निवडण्यात मी जितका वेळ घालवला तितका घालवायला नको होता, कारण अखेर निर्णय मोजमापाने झाला. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका विरोधाभास हवा. अनेक थीम कॉमेंट मुद्दाम फिक्या ठेवतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ‘#९९९’ ही राखाडी छटा २.८५ : १ इतकाच विरोधाभास देते, तर ‘#७६७६७६’ ही छटा ४.५४ : १ देऊन जेमतेम पार होते. कॉमेंट फिकी करण्यामागचा विचारच मला पटत नाही. नोंदीतील स्निपेटमध्ये कॉमेंट हा लेखकाचा वाचकाशी थेट बोलण्याचा एकमेव भाग असतो, आणि तो सर्वात अस्पष्ट ठेवण्याचे काही कारण नाही. आमच्या थीममध्ये कॉमेंट गडद हिरवी आहे आणि राखीव शब्द रंगाबरोबरच ठळकही आहेत, म्हणजे रंगभेद न जाणवणाऱ्या वाचकालाही रचना कळते. एकंदर रंग पाचच ठेवले. पिगमेंट्स टोकनांचे कितीतरी बारीक प्रकार ओळखते, पण प्रत्येकाला वेगळा रंग दिला की डोळा कशावरच ठरत नाही.

रंग थेट टॅगमध्ये न लिहिता क्लासच्या आधारे सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत) लिहिल्यामुळे गडद आणि उजळ थीममधील बदल काही व्हेरिएबल बदलून होतो, साठवलेल्या रूपाला हात लावावा लागत नाही. छपाईसाठी मात्र उजळ थीमच सक्तीने लावावी. ब्राउझर पार्श्वभूमीचा रंग सहसा छापत नाही आणि गडद थीममधील फिकी अक्षरे पांढऱ्या कागदावर वाचता येत नाहीत.

कॉपी करणे ही माझ्या मते स्निपेटची खरी परीक्षा. ओळक्रमांक मजकुराचाच भाग असले तर ते कॉपीबरोबर जातात आणि वाचकाला प्रत्येक ओळीतून अंक खोडत बसावे लागते. आम्ही ते सीएसएसच्या काउंटरने, प्रत्येक ओळीच्या आधी येणाऱ्या कृत्रिम घटकात दाखवतो, त्यामुळे निवडलेल्या मजकुरात ते येत नाहीत. लांब ओळी मोडत नाहीत, कारण पायथनसारख्या भाषेत मोडलेली ओळ वाचकाला फसवते. त्याऐवजी पेटी आडवी स्क्रोल होते. ती कीबोर्डनेही स्क्रोल करता यावी म्हणून तिला फोकस घेता येईल असे केले आहे. कॉपीचे बटण पानावरील मजकूर उचलत नाही, ते सर्व्हरकडून मूळ मजकूरच मागते.

स्पॅन न घालताही रंग चढवता येतील अशी सोय आता ब्राउझरमध्ये आली आहे. सीएसएस कस्टम हायलाइट एपीआय या नावाची ही सुविधा क्रोममध्ये २०२२ पासून आहे. तिच्यात मजकुराचा एकच सलग नोड राहतो, जावास्क्रिप्ट त्यावरील पल्ले नोंदवते आणि सीएसएस त्या पल्ल्यांना रंग देते. मजकूर अबाधित राखण्याच्या दृष्टीने यापेक्षा स्वच्छ मार्ग मला माहीत नाही. दोन अडचणी आहेत: काम पुन्हा ब्राउझरकडे जाते, आणि या पद्धतीत रंग, पार्श्वभूमी, अधोरेखन अशा मोजक्याच गोष्टी बदलता येतात, राखीव शब्द ठळक करता येत नाहीत. टोकनांचे पल्ले सर्व्हरवरच काढून नोंदीबरोबर अंकांच्या यादीच्या रूपात पाठवले तर पहिली अडचण बरीच हलकी होईल. त्या दृष्टीने एक छोटा प्रयोग सध्या वेगळ्या शाखेत चालू आहे, आणि मूळ मजकुराशी ताडून पाहणारी तीच चाचणी मी त्यालाही लावली आहे.